काकूंचं नाव कुठं लिहायचं?

मॅडम,

मी एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं गाव लातूर जिल्ह्यात, मांजरेच्या पट्ट्यात. २०२२ च्या खरिपात शंखी गोगलगायींनी आमच्याकडं दोन पानांवर आलेलं सोयाबीन फस्त केलं, दुबार पेरणी करावी लागली. तेव्हापासून हा विषय डोक्यात होता. बांधापासून आत जावं तशा गोगलगायी कमी होतात का, हे मी प्रकल्पात मोजलं. पण ही कल्पना माझी नाही. शेजारच्या रानातल्या काकू म्हणाल्या होत्या, "मधी कशाला हुडकायलीस बाई, त्या बांधावरच्या दगडाच्या ढिगात बसत्यात अन् सांजच्याला कडंच्या तासाला (पिकाच्या ओळीला) लागत्यात."

रात्रीची मोजणी मी आणि धाकट्या भावानं केली. जमिनीवर आखलेल्या ठरावीक मापाच्या चौकटींतल्या गोगलगायी मोजायच्या; बांधाजवळच्या चौकटी मी मोजायचे, आतल्या तो. वडील बॅटरी घेऊन सोबत असायचे. प्रजातीची ओळख पुण्याच्या झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या केंद्रातून करून घेतली. नांदेडला पीएच.डी. करणाऱ्या एका दादानं अॅनोवा (गटांच्या सरासऱ्यांतला फरक तपासणारी सांख्यिकी चाचणी) काढून दिला, आलेखही त्यानंच केले. इंग्रजी चॅटजीपीटीकडून सुधारून घेतलं.

हे सगळं ऋणनिर्देशात लिहिलं, तर गाइड सर म्हणाले, "एवढं लिहू नको. एक्स्टर्नल विचारतील, मग पोरीनं काय केलं? प्राचार्य, एच.ओ.डी., मी, आईवडील, बस." विभागातल्या दुसऱ्या एका सरांचा मायक्रोस्कोप मी वापरला होता. ते म्हणतात, पेपर निघाला तर त्यात माझं नाव टाक. काकू म्हणतात, "माझं नाव कशाला, मला काय कळतंय त्यातलं." सबमिशन जवळ आलंय. काय करू?

— एक विद्यार्थिनी, जि. लातूर

प्रिय लेकी,

तू लिहिलेली यादी खोडू नकोस. ती सगळी एकाच पानावर नको, एवढाच फरक करायचा आहे.

गाइड सरांच्या बोलण्याचा राग धरू नको. तुझे मार्क जाऊ नयेत ही त्यांची काळजी खरी आहे. मदत कबूल केली की काम हलकं ठरतं, ही समजूत आपल्याकडच्या कॉलेजांत फार जुनी आहे. मी बरीच वर्षं एक्स्टर्नल (बाहेरची परीक्षक) म्हणून व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, घेतल्या, आणि माझा अनुभव नेमका उलटा आहे. परीक्षकाला संशय येतो तो न लिहिलेल्या गोष्टींमुळं. तक्त्यात एकाच वेळी दोन ठिकाणची मोजणी दिसते आणि दुसऱ्या माणसाचा उल्लेख कुठंच नाही. आलेख एकदम सफाईदार आहेत, पण ही चाचणी का निवडली ते सांगता येत नाही. प्रजातीचं नाव छातीठोक लिहिलंय, पण ओळख कुणी पटवली याचा पत्ता नाही. मग परीक्षक खोदायला लागतो, आणि खोदल्यावर जे निघतं त्यात मुलांचं स्वतःचं चांगलं कामही झाकोळून जातं. "एवढं मी केलं, एवढं अमक्यानं केलं" असं जिथं सरळ लिहिलेलं असतं, तिथं विद्यार्थ्याचं काम कुठून सुरू होतं आणि कुठं संपतं ते पहिल्या वाचनातच कळतं. तुला तुझं काम दाखवायचं असेल, तर बाकीच्यांचं काम आधी नीट मांडावं लागेल.

शिवाय डिझर्टेशनच्या (प्रकल्पाच्या प्रबंधाच्या) सुरुवातीला जे प्रतिज्ञापत्र असतं, 'हे काम माझं स्वतःचं आहे' असं सांगणारं, त्याच्याखाली सही तुझी असते. जे दुसऱ्यानं केलंय ते झाकून त्या कागदावर सही करायची वेळ तुझ्यावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता एकेकाकडं येऊ. सुरुवात काकूंपासून नाही, भावापासून करते. कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू सहज जाता जाता लिहिली आहेस: बांधाजवळच्या चौकटी तू मोजल्यास आणि आतल्या त्यानं.

हा आभाराचा विषय नाही, हा तुझ्या निष्कर्षाचा विषय आहे. समज, बांधाजवळ जास्त गोगलगायी सापडल्या. त्या खरंच जास्त होत्या, की तुझी नजर भावापेक्षा बारीक होती? प्राणिशास्त्र शिकलेल्या मुलीला मातीच्या ढेकळाआड बसलेलं बोटाच्या पेराएवढं पिल्लू दिसतं. शाळेतल्या पोराला मोठे शंख दिसतात, पिल्लं सुटतात. भावाचं नाव गाळलंस तर हा प्रश्न वाचणाऱ्याला विचारताच येणार नाही, आणि तुझा निष्कर्ष खरा की खोटा हे कुणालाच ठरवता येणार नाही. म्हणून भावाचा पहिला उल्लेख कार्यपद्धतीत यायला हवा. निरीक्षक दोन होते, कुणी कुठल्या अंतरावर मोजलं, भावाला आधी काय शिकवलं होतं, सुरुवातीला दोघांनी मिळून काही चौकटी मोजल्या होत्या का, हे सगळं तिथं लिही.

चौकटींचे मोबाइलवर फोटो काढले असतील तर अजूनही दुरुस्ती करता येईल. ते फोटो अंतर झाकून, उलटसुलट क्रमानं लावून दोघांनी स्वतंत्रपणे मोजा आणि आकडे किती जुळतात ते लिहा. फोटो नसतील तर ही मर्यादा म्हणून चर्चेच्या प्रकरणात स्पष्ट मांड. गोगलगायी आता जमिनीत दडून, शंखाचं तोंड बंद करून बसल्या असतील. पुढच्या पावसाळ्यापर्यंत नव्यानं मोजता येणार नाही. पण मर्यादा स्वतः ओळखून लिहिणारी विद्यार्थिनी परीक्षकाच्या नजरेत वरच चढते.

भाऊ गोगलगायी उचलताना हातमोजे घालत होता ना? या गोगलगायीत उंदराच्या फुप्फुसात राहणाऱ्या सूत्रकृमीच्या अळ्या असू शकतात आणि त्यातून माणसाला मेंदूच्या आवरणाचा दाह होऊ शकतो. घालत असेल तर तेही कार्यपद्धतीत लिही. नसेल तर यापुढं घाल म्हणावं, आणि गावातल्या हातानं गोगलगायी वेचणाऱ्या बायकांनाही सांग.

आता काकू. काकूंनी तुला रान वापरायला दिलं असतं, चहापाणी केलं असतं, तर ऋणनिर्देशातली एक ओळ पुरली असती. त्यांनी दिलं ते वेगळं आहे. गोगलगायी दिवसा कुठं दडतात, कधी निघतात, आधी कुठल्या तासावर जातात, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहून जुळवलेलं निरीक्षण आहे. तू ते गृहीतक म्हणून घेतलंस आणि चौकटी टाकून तपासलंस. तपासणी तुझी, गृहीतक त्यांचं. म्हणून त्यांचं नाव प्रस्तावनेत यायला हवं, जिथं तू 'बांधापासूनच्या अंतराचा परिणाम तपासावा असं का वाटलं' हे सांगतेस. छापील संदर्भ नसलेल्या माहितीसाठी 'वैयक्तिक संवाद' म्हणून नाव, गाव आणि महिना-वर्ष देण्याची रीत आहे. मोठ्या शास्त्रज्ञाशी फोनवर झालेलं बोलणं ज्या रीतीनं नोंदवतात, त्याच रीतीनं काकूंचं बोलणं नोंदव. त्यासाठी वेगळी, खालची जागा नाही.

वाक्य साधारण असं होईल: 'शंखी गोगलगायी दिवसा बांधावरील दगडांच्या ढिगांत आसरा घेतात आणि सायंकाळी प्रथम कडेच्या तासांवर येतात, असे निरीक्षण या गावातील शेतकरी श्रीमती अमुक यांनी सांगितले. प्रस्तुत अभ्यासात ते तपासले आहे.' डिझर्टेशन इंग्रजीत असलं तरी हे वाक्य आधी मराठीत लिही आणि काकूंना वाचून दाखव. त्यांना बोलायचं होतं तेच त्यात आलंय का ते विचार. भाषांतर त्यानंतर. त्या निरक्षर असोत की दहावी झालेल्या, आपल्या बोलण्याचं काय केलं हे कळण्याचा हक्क त्यांना आहे.

'माझं नाव कशाला' हे त्यांनी संकोचानं म्हटलंय की खरंच नको म्हणून, हे तुला त्यांच्यापाशी बसून समजून घ्यावं लागेल. आपल्याकडच्या बायका हे वाक्य सवयीनं म्हणतात. शेत त्या कसतात, सातबारा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर असतो, आणि कृषी सहायकही घरातल्या पुरुषांशीच बोलून जातो. त्यामुळं कागदावर आपलं नाव येऊ शकतं हेच त्यांना खरं वाटत नाही. एकदा शांतपणे सांग, तुमच्या सांगण्यावरून माझा सगळा अभ्यास उभा राहिलाय, म्हणून नाव लिहायचंय. तरीही नको म्हणाल्या तर त्यांचं ऐक आणि 'मांजरा पट्ट्यातील एक अनुभवी शेतकरी महिला' असं लिही. आणि हो म्हणाल्या, तर नाव त्यांचंच येऊ दे, घरातल्या कर्त्या पुरुषाचं नको.

नाव द्यायचं, पण त्यांच्या रानाची ओळख मात्र उघडी करू नकोस. तक्त्यात शेतांना क्षेत्र अ, क्षेत्र ब अशी नावं दे. गट नंबर आणि अचूक अक्षांश-रेखांश छापू नकोस. कुणी विषारी आमिष जास्त टाकलं, कुणाचा बांध तणानं भरलेला होता, अशा गोष्टी तुझ्या निरीक्षणात असतीलच, आणि गाव लहान असतं. ज्यांचे आभार मानले त्यांचीच चारचौघांत पंचाईत व्हायला नको.

हे मी एवढं ताणून सांगते त्याला कारण आहे. १९८७ मध्ये केरळातल्या अगस्त्य डोंगररांगांत शास्त्रज्ञांचं एक पथक हिंडत होतं. वाट दाखवणारे कानी आदिवासी कसलीशी फळं खात चढ चढत होते आणि दमत नव्हते. ती आरोग्यपच्चा नावाची वनस्पती. त्यावरून पुढं 'जीवनी' हे औषध तयार झालं. तिरुवनंतपुरमजवळच्या ज्या संशोधन संस्थेनं ते केलं, तिनं लायसन्स फी आणि रॉयल्टीतला निम्मा वाटा कानी समाजाला द्यायचं ठरवलं. वाटपावर पुढं वादही झाले, तरी ज्ञान मुळात कुणाचं हे लेखी मान्य झालं. आपल्याकडं २००२ चा जैवविविधता कायदा आहे. त्यानुसार गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तुझ्या ग्रामपंचायतीत ती आहे का बघ. असेल तर काकूंचं निरीक्षण त्यांच्या नावानिशी तिथंही नोंदवून घ्यायला सांग.

आभार मानायचे पण कशाबद्दल ते धूसर ठेवायचं, हाही प्रकार असतो. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा निबंध २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर'मध्ये आला. शेवटी एक वाक्य आहे: विल्किन्स, फ्रँकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अप्रकाशित निष्कर्षांच्या सर्वसाधारण स्वरूपाची माहिती आम्हाला होती आणि तिनं चालना मिळाली, अशा अर्थाचं. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या हाताखाली रेमंड गॉसलिंग या विद्यार्थ्यानं मे १९५२ मध्ये काढलेलं क्ष-किरण छायाचित्र वॉटसन यांनी पाहिलेलं होतं, ते त्या वाक्यातून कुणालाच कळत नाही. त्या एका धूसर वाक्याची चर्चा आज सत्तर वर्षांनंतरही थांबलेली नाही. म्हणून 'मोलाचं सहकार्य लाभलं' असं लिहू नकोस. काय सहकार्य, ते लिही.

दादाच्या अॅनोवाबद्दल तुला थोडं कडक बोलणार आहे. त्यानं तुला शिकवलं आणि तू बसून केलंस, तर ऋणनिर्देशात 'सांख्यिकी विश्लेषणासाठी मार्गदर्शन' एवढं बरोबर ठरेल. पण तुझ्या पत्रावरून सगळं त्यानंच केलेलं दिसतं. मग 'विश्लेषण आणि आलेख अमुक यांनी केले' असं कार्यपद्धतीत लिहावं लागेल. तसं लिहायला कसंतरी वाटत असेल, तर त्या कसंतरी वाटण्याकडं लक्ष दे. सबमिशनआधी दादाकडून मूळ आकड्यांची फाइल घे आणि त्याच्याशेजारी बसून सगळं पुन्हा स्वतः कर. सांख्यिकीचं सॉफ्टवेअर आर वापरलं की एसपीएसएस, आवृत्ती कुठली, हेही लिहून ठेव.

हे करताना त्याला एक प्रश्न विचार. गोगलगायी घोळक्यानं राहतात. त्यामुळं बऱ्याच चौकटींत शून्य आणि मोजक्या चौकटींत ढीगभर, असे आकडे आलेले असणार. असे आकडे अॅनोवाला सरळ चालत नाहीत, कारण गटागटांतला चढउतार साधारण सारखा आहे असं तो धरून चालतो. एकतर प्रत्येक आकड्यात एक मिळवून लॉग घ्यावा लागतो, नाहीतर आकड्यांऐवजी त्यांचे क्रम तुलना करणारी क्रुस्कल-वॉलिससारखी चाचणी, नाहीतर मोजणीच्या आकड्यांसाठीच असलेलं प्रारूप. यातलं काय केलं आणि का, हे तुला स्वतःला सांगता आलं पाहिजे. एक्स्टर्नल प्राणिशास्त्रातला असेल तर हे विचारेलच. त्यावर "दादानं केलं" हे उत्तर नाही. "दादानं शिकवलं, आणि मी हे या कारणानं निवडलं" हे उत्तर आहे.

झूलॉजिकल सर्व्हेच्या ओळखीचं फार लांबण लावायला नको. पत्राचा क्रमांक, तारीख आणि नमुना तिथं जमा केला असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक कार्यपद्धतीत दे, पत्राची झेरॉक्स परिशिष्टात लाव. ज्या शास्त्रज्ञानं ओळख पटवली त्यांना ईमेल करून नाव लिहू का विचार, कारण आभारात नाव आलं की त्यांचा या निष्कर्षांना दुजोरा आहे असं वाचणारा धरून चालतो. पावसाचे आकडे महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचे असतील तर ते कुठून घेतले ते तक्त्याखालीच लिही. दुसऱ्यानं काढलेला फोटो असेल तर त्याचं नाव फोटोखाली. कुठली शिष्यवृत्ती किंवा योजनेतून पैसे मिळाले असतील तर तिचं पूर्ण नाव आणि मंजुरी क्रमांक. काहीच मिळालं नसेल तर 'या कामासाठी कोणत्याही संस्थेचे अर्थसाहाय्य घेतलेले नाही' असं लिहायला लाजू नकोस. पेट्रोल आणि बॅटरीचे सेल वडिलांच्या खिशातून आले असतील तर तेही ऋणनिर्देशात येऊ दे. रात्री अंधारात पोरीला रानात एकटं सोडता येत नाही म्हणून दिवसभराचं काम उरकून जो बाप बॅटरी धरून उभा राहतो, त्याच्याशिवाय हे आकडे आलेच नसते. 'आईवडिलांचे आशीर्वाद' एवढ्यावर ते उरकू नकोस.

चॅटजीपीटीचंही लिही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०२३ पासून स्पष्ट केलंय की अशा साधनाला लेखक म्हणता येत नाही, कारण ते मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही, आणि ते वापरलं असेल तर सांगावं. 'भाषा सुधारण्यासाठी अमुक साधन वापरले, मजकूर मी तपासला' एवढं एक वाक्य पुरे. विद्यापीठाचा किंवा विभागाचा याबद्दल वेगळा नियम आहे का, ते गाइड सरांना विचार. पण खरंच तपास. ही साधनं वाक्य गुळगुळीत करताना अर्थ हलवतात, 'कमी आढळल्या'चं 'आढळल्या नाहीत' करून टाकतात. कधीकधी अस्तित्वात नसलेले संदर्भही बनवून देतात. संदर्भसूचीतला प्रत्येक निबंध तू स्वतः उघडून पाहिलेला असला पाहिजे.

मायक्रोस्कोपवाल्या सरांचा प्रश्न नाजूक आहे, कारण त्यांच्याच विभागात तुला अजून वावरायचं आहे. नियम स्पष्ट आहे. त्याच संपादकांच्या समितीची, जिची पहिली बैठक १९७८ मध्ये व्हँकुव्हरला झाली, लेखक होण्याची चार अटींची कसोटी आहे आणि जीवशास्त्रातली बरीच नियतकालिकंही ती मानतात. कामाच्या कल्पनेत, आखणीत, आकडे मिळवण्यात किंवा त्यांचा अर्थ लावण्यात भरीव वाटा. लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक तपासणीत सहभाग. अंतिम मसुद्याला मान्यता. आणि सगळ्या कामाबद्दल उत्तर द्यायची तयारी. चारही लागतात. नुसतं उपकरण वापरायला देणं, खातेप्रमुख असणं किंवा पैसे मिळवून देणं यानं माणूस लेखक होत नाही. त्याची जागा ऋणनिर्देशात, आणि ती मानाचीच जागा आहे. याच कसोटीनं दादा मात्र लेखक होऊ शकतो, जर पेपरमधलं विश्लेषण त्याचं असेल आणि लिहिण्यातही तो उतरला असेल. त्याच्याशी आत्ताच बोलून ठेव.

काकूंचं काय, असं तुझ्या मनात येईल. कल्पनेत त्यांचा वाटा आहेच. बाकीच्या अटींसाठी तू त्यांना मसुदा मराठीत समजावून सांगितलास, त्यांनी दुरुस्त्या सुचवल्या आणि जबाबदारी घ्यायला तयार झाल्या, तर शेतकऱ्याचं नाव लेखकांत यायला माझ्या मते काहीच हरकत नाही. निर्णय त्यांचा.

मायक्रोस्कोपवाल्या सरांना तू एकटी जाऊन नकार देऊ नकोस. डिझर्टेशनवर नाव तुझं एकटीचं असतं, तेव्हा व्हायवा होईपर्यंत हा विषय काढायची गरजही नाही. पेपरची वेळ आली की गाइड सरांना सोबत घेऊन जा आणि म्हण, "सर, नियतकालिक प्रत्येक लेखकानं काय काम केलं ते लिहून मागतं. तुमच्या नावापुढं काय लिहू?" हल्ली बरीच नियतकालिकं खरंच तसं मागतात. संकल्पना, विश्लेषण, लेखन, देखरेख अशा चौदा भूमिकांची एक ठरलेली यादीच आहे. सरांनी शंखांची मापं घेण्यात किंवा त्यांचा अर्थ लावण्यात मनापासून भाग घेतला, मसुदाही तपासला, तर त्यांचं नाव हक्कानं येईल. नाहीतर 'सूक्ष्मदर्शक आणि प्रयोगशाळेची सुविधा दिल्याबद्दल' अशी ओळ स्वच्छ मनानं लिही.

गाइड सरांकडं आता यादी घेऊन जाऊ नकोस, बदललेलं कार्यपद्धतीचं प्रकरण आणि एक पानी ऋणनिर्देश घेऊन जा. निरीक्षक, ओळख, विश्लेषण हे सगळं कार्यपद्धतीत गेल्यावर ऋणनिर्देश आपोआप आटोपशीर होतो, आणि सरांची अर्धी हरकत तिथंच मिटते. नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरवर साम्य वाढेल अशी भीती असेल तर त्यांना दाखव, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत साम्य मोजताना ऋणनिर्देश आणि संदर्भसूची वगळायची आहे. म्हणून मागच्या वर्षीच्या बाइंड केलेल्या प्रतीतून ते पान उतरवू नकोस मात्र. दरवर्षी तेच पान फिरत राहिलेलं मी पाहिलंय, आधीच्या बॅचच्या मित्रांच्या नावांसकट.

आणि व्हायवाला कुणी विचारलंच, "मग तू काय केलंस?", तर खाली मान घालू नकोस. म्हण: "काकूंनी निरीक्षण सांगितलं. ते तपासता येईल असा प्रश्न मी तयार केला. अंतरं मी ठरवली, चौकटी मी आखल्या, अर्धी मोजणी मी केली, उरलेली करणाऱ्याला मी शिकवलं, आकडे मी पडताळले, आणि माझ्या पद्धतीत कुठं खोट राहिली तेही मी लिहिलंय." एम.एस्सी.च्या प्रकल्पात याहून जास्त कुणी मागत नाही.

भावाचं नाव लिहिताना पूर्ण लिही, पुढं 'चि.' लावू नकोस आणि 'माझा धाकटा भाऊ' हे नातंही लपवू नकोस. तो अठराच्या आत असेल तर वडिलांची परवानगी घेतली असं कार्यपद्धतीत एका ओळीत नोंदव. परवानगी नुसती तोंडी नको, कागदावर सहीनिशी घे आणि गाइड सरांच्या फाइलला लावून दे.